लखोटा बंद, वाट उघडी

उज्जैन म्हटले की आपल्याकडच्या माणसाला महाकाळ आठवतो, क्षिप्रेचा घाट आठवतो आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ आठवतो. इतिहासाची थोडी गोडी असलेला माणूस राणोजी शिंद्यांचे नाव घेतो, आणि महाकाळाच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, हेही सांगतो. पण अठराव्या शतकातले उज्जैन आणखी एका कारणाने महत्त्वाचे होते आणि त्याविषयी फारसे लिहिले जात नाही. ते वाटांचे गाव होते. पुण्याहून बऱ्हाणपूर, असीरगड करीत नर्मदा उतरलेली वाट, गुजरातेतून आलेली वाट, कोट्याकडून राजपुतान्यात शिरणारी वाट आणि सिरोंजवरून ग्वाल्हेर-आग्र्याला जाणारी वाट, या सगळ्या माळव्यात एकमेकींना भेटत. वाटा भेटतात तिथे माल थांबतो, आणि माल थांबतो तिथे बातमीही थांबते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी ग्वाल्हेरला हलवली. तोपर्यंत पुणे आणि दिल्ली यांच्यामधल्या राजकारणाची किती पत्रे या प्रदेशातून गेली असतील याची मोजदाद करणे अवघड आहे.

हा विषय आज काढण्याचे निमित्त वेगळे आहे. अलीकडे मोटारगाड्या 'बोलू' लागल्या आहेत. गाडी आपली जागा कळवते, वेग कळवते, टोलनाक्याला आपली ओळख देते. परदेशांत तर एक गाडी दुसरीला 'मी ब्रेक लावला आहे, सांभाळ' असे परस्पर सांगू लागली आहे. मग हे बोलणे तिसऱ्याच कोणी ऐकले तर? कोणी खोटेच बोलले तर? आणि गाडी कुठे गेली होती याची नोंद ठेवणारा कोण? तज्ज्ञ मंडळी याला वाहनांच्या संदेशवहनाची सुरक्षितता आणि खासगीपणा म्हणतात आणि हा प्रश्न अगदी नवा असल्यासारखे लिहितात. यंत्र नवे आहे हे खरे. पण वाटेने चालणारा निरोप शाबूत कसा ठेवावा आणि निरोप्याची ओळख कोणाला किती द्यावी, हा प्रश्न माळव्याच्या वाटांवर अडीचशे वर्षांपूर्वी रोजचा होता. त्यावर आपल्या माणसांनी काय काय तोडगे काढले आणि ते कुठे फसले, हे पाहण्यासारखे आहे.

त्या काळी सरकारी पत्रे नेणाऱ्याला जासूद म्हणत. आज जासूद म्हणजे हेर एवढाच अर्थ आपल्या मनात राहिला आहे. मराठेशाहीत तो आधी पत्रवाहक होता. बहुधा जासूदांची जोडी पाठवीत. एक आजारी पडला, वाघाने नेला किंवा फितला, तरी दुसरा असावा, हा हिशोब. पत्रांतून 'जासूद जोडी' रवाना केल्याचे उल्लेख ठिकठिकाणी आढळतात. घाई असली की सांडणीस्वार जाई. सावकारांचे आणि खासगी पत्रांचे काम कासीद करीत. त्यांची मजुरी ती 'अजुरा' आणि मजुरीवर नेमलेला तो 'अजुरदार' कासीद. अमुक दिवसांत पोचलास तर इतके, उशीर झाला तर इतके कमी, असा करार आधीच ठरे. महत्त्वाच्या पत्राच्या दोन-दोन नकला करून त्या निरनिराळ्या वाटांनी पाठवण्याची चाल होती. एक वाट बुडाली तरी दुसरीने मजकूर पोचावा.

पत्र खरे कशावरून? त्यासाठी मोर्तब. मजकूर संपला की शेवटी छोटा शिक्का उठवीत. त्याचा अर्थ एवढाच, की लिहिणे इथे संपले, यापुढे काही दिसले तर ते दुसऱ्याने घातलेले समजावे. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरचा मर्यादेचा शिक्का पुष्कळांनी पाहिलेला असेल. पत्राच्या माथ्यावरचा मोठा शिक्का पत्र कोणाचे ते सांगतो आणि तळाचा छोटा शिक्का ते कुठे संपते ते सांगतो. मधल्या मजकुरात फेरफार झाला तर हस्ताक्षर आणि कागद बोलतात. याशिवाय नाजूक गोष्ट मुख्य पत्रात न घालता वेगळ्या पुरवणीवर लिहीत, आणि सर्वांत नाजूक गोष्ट लिहीतच नसत. बाकीचे मुखवचने कळेल एवढेच लिहून मोकळे होत. म्हणजे पत्र पकडले गेले तरी अर्धेच पकडले जाई, आणि उरलेले अर्धे निरोप्याच्या पोटात राही.

आणि मोडी होतीच. माळव्याच्या हिंदी-माळवी बोलणाऱ्या मुलखात मराठी भाषा आणि मोडी लिपी हे एक आयतेच कुलूप होते, असे पुष्कळांना वाटते. मला ते तितके पटत नाही. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या तीन पिढ्यांत माळव्यातल्या प्रत्येक मोठ्या कसब्यात मोडी वाचणारा कारकून बसला होता. आपल्या सीमाभागातल्या वाचकाला हे सांगावे लागू नये. घरात पोरांच्या देखत काही बोलायचे नसले की आईवडील हळूच कानडीत शिरतात. पोर अंगणात खेळता खेळता कानडी शिकते, आणि एक दिवस मधेच बोलून आपल्याला सगळे कळते हे दाखवून देते. शेजाऱ्याला आपली भाषा येत नाही या समजुतीवर उभे केलेले कुलूप दुभाषी मुलखात फार दिवस टिकत नाही.

खरी अडचण मात्र पत्रापेक्षा पत्र नेणाऱ्याची होती. वाटेत घाट, नाके, चौक्या. तिथून सुटायचे तर राहदारीचे दस्तक दाखवावे लागे. दस्तक दाखवले की चौकीदार सोडतो, पण त्याच क्षणी त्याला कळते की हा पेशव्यांचा माणूस आहे किंवा हा शिंद्यांचा. दस्तक लपवावे तर चोर म्हणून धरतात; दाखवावे तर जासूद म्हणून ओळखतात. ओळख पटली पाहिजे आणि ओळख कळता कामा नये, अशा दोन विरुद्ध गरजा एकाच कागदावर येऊन बसल्या होत्या. वाचकांनी ही अडचण ध्यानात ठेवावी. पुढे मोटारीपाशी ती जशीच्या तशी पुन्हा भेटणार आहे.

१७६१ च्या जानेवारीत माळव्याच्या बाजूला जे घडले ते या दृष्टीने पुन्हा वाचावे. ऑक्टोबर १७६० अखेर अब्दाली यमुना उतरून भाऊसाहेब आणि दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. वाटा तुटल्या. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलासुरला धागाही गेला. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, पण सरकारी जासूद येईनासे झाले होते. आणि अशा वेळी बातमी आली ती सावकारांच्या कासीदाकडून. ग्रँट डफने दिलेली हकीकत अशी की, पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबादेस पोचण्याच्या बोलीवर निघालेला एक कासीद नर्मदेच्या उताराशी पेशव्यांच्या छावणीत आला, आणि त्याच्याजवळचे पत्र उघडण्यात आले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर गणतीच नाही, अशा अर्थाचा तो मजकूर होता. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, नाणी म्हणजे फौज. सरदेसाई हा प्रसंग भेलशाच्या मुक्कामी २४ जानेवारीचा मानतात. नऊ दिवसांची बोलीही जपून घ्यावी लागते. पानिपत ते औरंगाबाद आजच्या रस्त्यानेही बाराशे-तेराशे किलोमीटर भरते; एकट्या माणसाने ते नऊ दिवसांत तोडणे संभवत नाही. टप्प्याटप्प्यावर माणसे बदलत असली पाहिजेत असे माझे मत आहे.

या प्रसंगावर आपल्याकडे कथा-कादंबऱ्यांतून पुष्कळ अश्रू ढाळले गेले आहेत आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट खुणावते. सरकारी जासूद अडले आणि सावकाराचा कासीद सुटला, याचे कारण काय असावे? त्याच्या अंगावर कोणत्याही फौजेची खूण नव्हती. वाटेतल्या जाट, रोहिले, जमीनदार मंडळींच्या लेखी तो कुठल्याशा पेढीचा माणूस होता आणि पेढीशी सगळ्यांचीच गरज असते. अनामिकपणा हेच त्याचे दस्तक होते. मजकुरालाही व्यापाराचे सोंग दिलेले होते. जडजवाहिराचा तोटा लिहिणारे पत्र कोणाच्या डोळ्यांत भरणार? तरीही पेशव्यांच्या छावणीत ते फुटले. ज्याचा मुलगा आणि चुलतभाऊ उत्तरेत अडकले आहेत, त्याला दोन मोत्यांचा अर्थ सांगायला कोणी शास्त्री लागला नाही. आणि त्याहीआधी, उत्तरेकडून घाईने येणारा माणूस दिसला एवढ्यावरूनच त्याला थांबवण्यात आले असणार. लखोट्यातले लिहिणे कितीही झाकले, तरी माणूस कुठून येतो, कुठे निघाला आहे आणि किती वेगाने चालला आहे, हे वाटेवर उघडेच असते.

आणखी एक गोष्ट बोलून दाखवायला थोडे जड जाते. ते पत्र पेशव्यांना लिहिलेले नव्हते. एका सावकाराने दुसऱ्या सावकाराला लिहिलेले ते खासगी पत्र होते आणि ते उघडणारा चोर नव्हता, शत्रू नव्हता, राज्याचा धनी होता. त्या वेळी त्याला दोष कोण देणार? मुलाची बातमी कोणता बाप उघडणार नाही? नानासाहेबांनी त्या धक्क्याने हाय खाल्ली आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर देह ठेवला. तरी इतिहास शिकवताना ही नोंद करावीच लागते, की खासगी पत्र फोडणाऱ्याजवळ बहुतेक वेळा चांगले कारण असते.

पानिपतानंतर निरोपाचा दुसरा रोग उपटला, तो तोतयाचा. भाऊसाहेबांचे शव ओळखण्याविषयी संशय राहिला आणि त्या फटीतून सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण भाऊ बनून आला. त्याला धरून रत्नागिरीकडे कैदेत ठेवले होते. तिथून तो सुटला, कोकणात त्याने किल्ले घेतले, माणसे जमवली, आणि अखेर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना त्याच्यावर जावे लागले. १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. रूप आणि नाव यांच्या बळावर एवढी माणसे फसली, कारण ओळख पटवण्याचे पक्के साधन नव्हते. परक्या गाडीने दुसरीच्या नावाने निरोप पाठवणे याला आता परिभाषेतले शब्द शोधले जातात. आपल्याकडे 'तोतया' हा शब्द तयार आहे. तोच वापरावा अशी माझी सूचना आहे.

राजकारणी मंडळींपेक्षा या बाबतीत सावकार अधिक शहाणे होते. उज्जैनच्या पेढ्यांची हुंडी सुरतेपासून काशीपर्यंत चाले. हुंडी हा मुळात वाटेने जाणारा निरोपच: या गावच्या धन्याने त्या गावच्या आडत्याला लिहिलेले, की अमुक रुपये द्यावेत. तो वाटेत चोरीला जाणार हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली होती. रक्कम एकदा लिहून भागत नसे. तिची निम्मी लिहून तिची दुप्पट असे पुन्हा लिहीत, म्हणजे आकड्यात शून्य वाढवणाऱ्याची अडचण व्हावी. हुंडी हरवली तर तिच्या बदली 'पेठ' देत आणि पेठही हरवली तर 'परपेठ'. पैसे यातल्या एकीवरच मिळत. आणि 'शहाजोग' हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच देता येत. वाटमाऱ्याने ती लुटली, वाचली, तोंडपाठ केली, तरी उपयोग शून्य. पेढीवर जाऊन उभे राहायला त्याला एखादा पतदार शहा आपल्या बाजूने लागे, आणि तो खोटा निघाला तर शहाचीच पत जाई. यात झाकण्यासारखे फारसे काही नव्हतेच. कागद सगळ्या जगाने वाचावा. तो खरा आहे की नाही आणि घेणारा हक्काचा आहे की नाही, एवढे पक्के असले म्हणजे झाले. मालाच्या बाबतीतही हाच विचार. भाडे, जकात आणि वाटेतली जोखीम यांचा एकदम ठराव करून देणारे 'हुंडाभाडे' माळव्यात सर्रास चाले, आणि तिथल्या व्यापारी गावांतून मालाचे विमे उतरवीत, हे सर जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे.

राजकारणात मात्र लपवण्यावरच भिस्त राहिली आणि तिचा शेवट कसा झाला ते १८१७ साली दिसले. पेंढाऱ्यांवर मोहीम काढायच्या बेतात असलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जला दौलतराव शिंद्यांविषयी संशय होता. अशा वेळी नेपाळ दरबाराकडे निघालेली शिंद्यांची माणसे कंपनीच्या मुलखात पकडली गेली. त्यांच्याजवळ एक संस्कृत पोथी होती. तिची पाने एकमेकांना चिकटवून मधे पत्रे दडवलेली होती. पोथी घेऊन चाललेल्या ब्राह्मणावर कोण संशय घेणार, ही कल्पना काही वाईट नव्हती. पण ती नवीही नव्हती. पत्रे सापडली आणि इंग्रजांनी जे केले ते एखाद्या शिक्षेपेक्षा जिव्हारी लागणारे होते: रेसिडेंटने ती भर दरबारात, काही टीका न करता, दौलतरावांच्या हाती परत दिली. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी शिंद्यांना ग्वाल्हेरच्या तहावर सही करावी लागली. त्याला कारणे अनेक होती, पण आपला शब्दन्‌शब्द समोरच्याला ठाऊक आहे हे कळलेला माणूस वाटाघाटीला कसा बसत असेल, याची कल्पना करता येते.

१८५४ साली मुंबई-आग्रा तारेची लाइन इंदुरावरून गेली आणि जासूद-कासीदांचा जमाना उतरणीला लागला. तार आली तसा कायदाही आला. १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने आणि १८९८ च्या टपाल कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांच्या नावाने निरोप अडवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. नानासाहेबांनी एकदा जे केले त्याला आता कलमांचा आधार मिळाला. स्वातंत्र्यानंतरही ही कलमे राहिली. १९८६ साली टपाल फोडण्याचा अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते तसेच पडून राहिले. आपल्या राज्यव्यवहारातला हा एक दुर्मिळ प्रसंग आहे आणि नागरिकशास्त्राच्या तासाला मी तो आवर्जून सांगतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्यावर काही बंधने घातली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली टपाल आणि दूरसंचार यांचे नवे कायदे संमत झाले. अडवण्याचा अधिकार त्यांतही आहे.

आता मोटारीकडे वळू. माझी धाकटी बहीण उज्जैनला दिली आहे. गेल्या खेपेला भाच्याच्या नव्या गाडीतून इंदूरहून येताना देवासला कचोरी खायला आम्ही थांबलो. घरी पाऊल टाकतो तो बहीण म्हणाली, ''दादा, देवासला वीस मिनिटं काय करत होतात? तुला तेलकट बंद केलंय ना डॉक्टरांनी?'' तिच्या फोनवर गाडीची सगळी वाट उमटली होती. भाचा हसून म्हणाला, ''मामा, कितीदा जोरात ब्रेक मारला तेसुद्धा दिसतं त्यात.'' बहिणीने विचारावे यात कौतुकच आहे. पण ती नोंद बहिणीच्या फोनवर येण्याआधी आणखी कुठून कुठून फिरून आली, हे त्या घरात कोणालाच सांगता येईना.

गाडीचे बोलणे तीन-चार तऱ्हांचे असते. काही बोलणे गाडीच्या आतल्या आत चालते, पण तेही बाहेर ऐकू येते. चाकातली हवा मोजणारे यंत्र बिनतारी निरोप पाठवते आणि प्रत्येक निरोपात स्वतःचा न बदलणारा क्रमांक सांगते. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की हा क्रमांक चाळीस मीटरवरून टिपता येतो. म्हणजे पाटी झाकली तरी चाक ओळख देते. दुसरे बोलणे गाडी आणि कंपनी यांच्यामधले, मोबाइलच्या जाळ्यातून. २०१५ साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी दूर घरी बसून, हमरस्त्यावर धावणारी एक जीप गाडी तिच्या गाण्याच्या यंत्राच्या वाटेने ताब्यात घेऊन दाखवली. गाडीत त्यांचा परिचित पत्रकार होता आणि प्रयोग ठरवून केलेला होता, तरी कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तोतयाने कोकणातले किल्ले घेतले होते. इथे तर चालत्या गाडीचा वेगच परक्याच्या हाती गेला.

तिसरे बोलणे गाडीचे गाडीशी, आणि इथे आपली जुनी अडचण परत भेटते. अशी गाडी सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली जागा, वेग आणि दिशा आसपासच्या काही शे मीटरांत पुकारते. हा निरोप कुलपात ठेवून चालत नाही. समोरून येणारा ट्रक आपल्या ओळखीचा नसतो आणि त्याला वाचता आला नाही तर निरोपाचा उपयोग काय? तेव्हा सावकारांचाच मार्ग धरावा लागतो: सगळ्यांनी वाचावा, पण तो खरा असावा. म्हणून प्रत्येक निरोपावर गणिती मोर्तब असते. एक अक्षर बदलले की ते जुळत नाही. ते मोर्तब खऱ्या गाडीचे आहे याची हमी एक मान्य संस्था देते; शहाजोग हुंडीतल्या शहाचेच हे काम. पण मोर्तब रोज एकच राहिले तर रस्त्याकडेला यंत्र लावून बसलेल्या कोणालाही ती गाडी दवाखान्यात किती वेळा गेली, कोणाच्या दारी रात्री उभी होती, हे जुळवता येईल. दस्तक दाखवले की जासूद ओळखू आला, तसेच.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा मला मोठा मार्मिक वाटतो. गाडीला एक दस्तक न देता अनेक टोपणनावांची दस्तके देतात आणि ती थोड्याथोड्या वेळाने बदलत राहतात. प्रत्येक दस्तक खरे, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध बाहेरच्या माणसाला लागत नाही. कोणी गाडी खोटे निरोप पाठवू लागली तर तिला शोधून बाद करता यावे म्हणून टोपणनाव आणि खरे नाव यांचा मेळ कुठेतरी ठेवावाच लागतो. तो एका कचेरीत ठेवू नये, असे अमेरिकेतल्या आराखड्यात ठरवले आहे: एकीकडे अर्धी माहिती, दुसरीकडे अर्धी, आणि दोघी एकत्र आल्याखेरीज नाव निघू नये. मुख्य पत्र एकाजवळ आणि मुखवचन दुसऱ्याजवळ, अशीच ही युक्ती म्हणायची. दोन्ही कचेऱ्यांवर एकच धनी बसला तर ती किती टिकेल, हे मात्र यंत्रावर अवलंबून नाही.

आपल्या देशात गाडीचे गाडीशी बोलणे अजून रुळलेले नाही. पण गाडीने सरकारशी आणि बँकेशी बोलणे पुरते रुळले आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंद होणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांना, म्हणजे बस, टॅक्सी यांना, जागा कळवणारे यंत्र आणि संकटाचे बटण लावणे केंद्राच्या नियमाने बंधनकारक झाले. रिक्षांना त्यातून सूट आहे. रात्री एकटी प्रवास करणाऱ्या मुलीच्या बापाला या बटणाचा किती धीर वाटतो हे मी शाळेच्या पालकसभांतून ऐकले आहे. त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या. मात्र प्रत्येक नाक्यावर तारीख, वेळ आणि गाडी यांची नोंद उमटते, आणि गाडी वडिलांच्या नावावर असली तर चिरंजीव कुठल्या नाक्यावरून किती वाजता गेले याचा संदेश वडिलांच्या उशाशी खणखणतो. घरोघरच्या भांडणांत या संदेशांनी पुरावा दिल्याचे आपण सगळेच ऐकतो.

या नोंदी किती दिवस ठेवतात, कोणाच्या हुकुमाने उघडतात, आणि उघडणाऱ्याचे नाव कुठल्या वहीत लिहिले जाते की नाही, हे प्रश्न मला गाडी परक्याच्या ताब्यात जाण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटतात. चोराची भीती धरून कंपन्या कुलपे मजबूत करतीलच, कारण त्यात त्यांचे नुकसान आहे. नोंद ठेवणाराच ती वाचू लागला तर त्याचे नुकसान काहीच होत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण सरकारला आपल्या संस्था त्यातून वगळण्याची मुभा त्याच कायद्याने दिली आहे. मराठेशाहीत निदान मोडी दप्तरांत पत्र कोणी आणले, किती दिवसांत आणले याचा तपशील सापडतो. कोट्याच्या गुळगुळ्यांकडे शिंद्यांचे कारभारी म्हणून आलेली पत्रे ग्वाल्हेरच्या आनंदराव भाऊ फाळक्यांनी छापून काढली, म्हणून आज आपण ती वाचतो. त्यांत घरगुती आजारपणापासून लष्करी कूचापर्यंत सारे आहे. लिहिणाऱ्यांना तेव्हा हे छापले जाईल असे स्वप्नातही वाटले नसेल. पण ती माणसे जाऊन शतक लोटल्यावर ती छापली गेली. आजच्या नोंदीला तेवढी सवड मिळत नाही, ती त्याच संध्याकाळी वाचता येते.

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ साली भरायचा आहे. लाखो गाड्या त्या गावाच्या वाटांना लागतील आणि एवढी गर्दी सांभाळायची तर कोणती गाडी कुठे आहे हे पोलिसांना कळावे लागेल, यात शंका नाही. त्यांत आपल्या भागातून निघणाऱ्या यात्रेच्या बसगाड्याही असतील. पर्व संपल्यावर त्या नोंदींचे काय करणार, हे यात्रेआधीच विचारून घेता येण्यासारखे आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तो हिंदीत लिहून द्यायला उज्जैनची आपली मराठी मंडळी आनंदाने मदत करतील.